शासनदत्त जमीन : आदेशापासून पहिल्या सुगीपर्यंत

भूमिहीन शेतमजुराच्या हाती जमीन वाटपाचा आदेश पडतो, त्या दिवशी महसूल कार्यालयातील एक प्रकरण निकाली निघालेले असते. संचिका बंद होते आणि मासिक विवरणपत्रात एका लाभधारकाची व काही आर क्षेत्राची भर पडते. त्या कुटुंबाच्या दृष्टीने मात्र प्रकरणाला त्याच दिवशी आरंभ होतो. आदेशात लिहिलेले क्षेत्र प्रत्यक्ष औताखाली येऊन त्यातून घरात धान्य येईपर्यंत दोन-तीन वर्षे सहज जातात. जमीन त्या कुटुंबाकडे टिकणार की नावापुरती उरणार, हे बहुतांशी याच दोन-तीन वर्षांत ठरते. शासकीय योजनांचे मूल्यमापन करताना वाटपाचे आकडे आवर्जून पाहिले जातात. या मधल्या काळाचा अभ्यास त्या मानाने कमी झाला आहे.

महाराष्ट्रात भूमिहीनांस जमीन मिळण्याच्या वाटा एकाहून अधिक आहेत. महाराष्ट्र शेतजमीन (धारणेची कमाल मर्यादा) अधिनियम, १९६१ हा कायदा २६ जानेवारी १९६२ पासून अंमलात आला. २ ऑक्टोबर १९७५ पासून त्यातील मर्यादा खाली आणण्यात आल्या आणि बारमाही ओलिताच्या जमिनीस १८ एकर, तर कोरडवाहू जमिनीस ५४ एकर अशी कमाल धारणा ठरली. यातून अतिरिक्त ठरलेली जमीन भूमिहीनांस देण्यात आली. दुसरी वाट गायरान व पडीक सरकारी जमिनींची. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ मध्ये झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांत या जमिनींची मागणी अग्रभागी होती. पुढे १९७८ आणि १९९१ च्या शासन निर्णयांनी गायरानावरील कसणाऱ्यांची अतिक्रमणे काही अटींवर नियमित करण्याचे धोरण स्वीकारले. दुसऱ्या निर्णयासाठी १४ एप्रिल १९९० हा दिवस मर्यादा म्हणून धरण्यात आला. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांतील दारिद्र्यरेषेखालील भूमिहीनांसाठी २००४-०५ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबलीकरण व स्वाभिमान योजना सुरू झाली. तीत खाजगी जमीन विकत घेऊन ४ एकर कोरडवाहू अथवा २ एकर ओलिताची जमीन देण्याची तरतूद झाली. आरंभी निम्मी रक्कम अनुदान आणि निम्मी बिनव्याजी कर्ज अशी होती; २०१८ पासून ती संपूर्ण अनुदानरूपाने देण्याचे ठरले. वनहक्क कायदा, २००६ अन्वये मिळणारी जमीन ही याहून वेगळी बाब आहे, कारण तेथे नवे वाटप होत नाही. पूर्वीपासूनच्या कसवणुकीला मान्यता मिळते.

वाटा निरनिराळ्या असल्या तरी त्यावरून शेतात उतरणाऱ्या माणसापुढच्या अडचणी पुष्कळशा सारख्या आहेत.

मिळते ती जमीन कशी असते?

पहिली गोष्ट स्पष्टपणे मान्य केली पाहिजे. वाटपास येणारी जमीन गावातील चांगल्या जमिनींपैकी क्वचितच असते. याला कोणा एकाची दुष्ट बुद्धी कारण आहे असे नाही. कमाल धारणा कायद्यात आपल्याकडे कोणती जमीन ठेवावयाची हे निवडण्याचा अधिकार धारकास आहे. माणूस विहिरीजवळची, खोल काळी जमीन राखतो आणि माळ सोडतो, हे स्वाभाविक आहे. गायरान तर गुरांच्या चराईसाठीच राखलेले असते. नांगर चालण्याजोगी जमीन पूर्वजांनी त्या कामासाठी फारशी सोडली नव्हती. सबलीकरण योजनेत जमीन विकत घेतली जात असल्याने निवडीस वाव आहे. परंतु तेथेही २०१८ च्या निर्णयाने कोरडवाहू जमिनीस एकरी ५ लाख व बागायतीस एकरी ८ लाख रुपये अशी कमाल मर्यादा घातली, आणि रस्त्यालगतच्या किंवा शहराजवळच्या शिवारात त्या दराने जमीन विकावयास पुढे येणारा आपली उत्तम जमीन घेऊन येईल अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे आहे.

म्हणून ताबा घेतल्यावर पहिले काम नांगरटीचे नाही. खड्डा घेण्याचे आहे. शेताच्या वरच्या, मधल्या व खालच्या अंगास एकेक खड्डा खणून मुरूम किती खोलीवर लागतो ते पाहावे. अवर्षणप्रवण भागासाठी कृषी विद्यापीठाने केलेल्या शिफारशी या खोलीवरच आधारलेल्या आहेत. माती साडेसात सेंटिमीटरहूनही कमी असेल तर तेथे गवत व झाडे हाच मार्ग. साडेबावीस सेंटिमीटरपर्यंत मटकी, हुलगा आणि बोर, सीताफळ यांसारखी काटक फळझाडे. त्यापुढे पंचेचाळीसपर्यंत बाजरी, तूर, सूर्यफूल. रब्बी ज्वारीचा विचार त्याहून खोल जमिनीतच करावा. वीतभर मातीत शेजाऱ्याचे पाहून कपाशी लावणारा नवा शेतकरी पहिल्याच वर्षी कर्जात जातो, आणि मग जमीनच वाईट होती असे गाव म्हणते. जमीन वाईट नसते असे नाही, पण तिच्याजोगे पीक तिला मिळालेले नसते हेही तितकेच खरे.

दुसरा शत्रू तणाचा. वर्षानुवर्षे पडीक राहिलेल्या हलक्या जमिनीत हरळी, तर भारी जमिनीत कुंदा आणि लव्हाळा यांनी घर केलेले असते. एका नांगरटीने हे तण जात नाही. उलट हरळीची मुळी तुटून तुकड्यागणिक नवी फुटते. चैत्र-वैशाखात खोल नांगरून ढेकळे उन्हात तापू द्यावी लागतात आणि मुळ्या वेचून जाळाव्या लागतात. हे सलग दोन-तीन उन्हाळे करावे लागते. कुंद्याची खोदाई तर माणसाच्या हातांनीच व्हावयाची. खोदाईच्या या मजुरीचा हिशेब शेतीच्या अंदाजपत्रकात सहसा कोठेच धरलेला नसतो.

मोजणी, ताबा आणि वाट

कागदावरील ताबा आणि शेतावरील ताबा यांत अंतर राहते, ही वाटप झालेल्या जमिनींबाबतची सर्वांत जुनी तक्रार आहे. एका गटातून चार-पाच जणांना तुकडे दिले जातात. ताबेपावतीवर सह्या होतात, परंतु पोटहिस्से प्रत्यक्ष मोजून दगड लावले जात नाहीत. मग चतुःसीमा तोंडी सांगितल्या जातात. पूर्वीचा धारक किंवा लगतचा खातेदार दरवर्षी एकेक तास आत सरकतो. ज्याला वाटप झाले तो पिढ्यान्‌पिढ्या त्याच खातेदाराच्या शेतावर राबलेला असतो. बांधावर उभे राहून त्याच्याशी तंटा करण्याचे बळ एका आदेशाने येत नाही.

येथे तलाठी, मंडळ अधिकारी आणि भूमि अभिलेख कार्यालय यांचे काम अन्य कोणत्याही साहाय्यापेक्षा मोलाचे ठरते. वाटपाचा आदेश, फाळणी नकाशा आणि हद्दीचे दगड या तीन गोष्टी एकाच उन्हाळ्यात पुऱ्या झाल्या पाहिजेत. मोजणी पावसाळ्यावर गेली की शेजारी पीक उभे राहते, मोजणी पुढे ढकलली जाते, आणि एक हंगाम बुडतो. आदेश पुष्कळदा आर्थिक वर्षाच्या अखेरीस निघतात, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट आहे. पण मार्चमध्ये निघालेल्या आदेशावर जूनपूर्वी मोजणी व्हावी यासाठी कोणी तरी पाठपुरावा करावा लागतो, आणि लाभधारकास तो जमत नाही. ग्रामपंचायत सदस्याने या कामासाठी दोन फेऱ्या तालुक्याला मारल्या, तर त्या कुटुंबाचे एक वर्ष वाचते.

वाटेचा प्रश्न यालाच लागून येतो. मोठ्या गटाच्या आतल्या अंगास असलेल्या तुकड्याकडे गाडीवाट नसते. पायी जाता येते, पण शेणखताची गाडी, पेरणीचे औत किंवा मळणीयंत्र नेता येत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ अन्वये दुसऱ्याच्या जमिनीच्या हद्दीवरून, म्हणजे बांधावरून, जाण्याचा हक्क मागणारा अर्ज तहसीलदाराकडे करता येतो. पूर्वीपासूनची वहिवाट कोणी अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली दाद मागता येते; मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. या दोन तरतुदींतील फरक अर्जदारास ठाऊक नसतो आणि चुकीच्या कायद्याखाली केलेला अर्ज वर्षभराने फेटाळला जातो. गावातील शिक्षकाने अर्ज लिहून देताना एवढा एकच प्रश्न विचारावा : वाट आधी होती आणि अडवली, की मुळातच नाही?

गायरानाच्या बाबतीत आणखी एक पेच आहे आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. ज्या माळावर एकाला शेत मिळते त्याच माळावर दुसऱ्या गरिबाच्या शेळ्या चरत असतात. पेरलेल्या रानात गुरे सोडण्याचे प्रकार सर्वच वेळी खोडसाळपणाचे नसतात. कधी ती जुनी वहिवाट असते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्याचे निर्देश दिले. तथापि भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना शासकीय अधिसूचनेखाली दिलेले पट्टे हा अपवाद त्याच निर्णयात नमूद आहे. गायरान कसणाऱ्याकडे आपला अनेक वर्षांचा कब्जा दाखवणारा कागद म्हणजे गाव नमुना एक-ई मधील अतिक्रमणाची नोंद किंवा दंडाची पावती. ही कागदपत्रे जपून ठेवावीत, असे त्यास सांगणारा कोणी असतोच असे नाही. दंडाची पावती हा आपल्या हक्काचा पुरावा ठरू शकतो, ही कल्पना सामान्य माणसास विचित्र वाटते.

पाडव्याची उचल

शेती सुरू करण्यातील सर्वांत मोठी अडचण मात्र ना मातीत असते, ना नकाशात. ती त्या माणसाच्या वेळेत असते.

ज्यास जमीन मिळाली तो जमीन मिळण्यापूर्वी रिकामा बसलेला नव्हता. तो कोणाचा सालगडी असतो किंवा ऊसतोडीस जाणारा मजूर असतो. सालगड्याचे वर्ष गुढीपाडव्याला सुरू होते. त्या दिवशी साल ठरते, आणि वर्षाच्या मोबदल्यापैकी काही रक्कम उचल म्हणून आधीच घरात आलेली असते. लग्न, आजारपण किंवा घरावरचे पत्रे यांत ती खर्चही झालेली असते. पाडव्यानंतर ज्याच्या हाती आदेश पडला, त्याचे पुढील वर्ष आधीच विकले गेलेले असते. मृगाचा पाऊस पडतो तेव्हा मालकाच्या शेतात वाफसा असतो आणि त्याच दिवशी याच्याही शेतात वाफसा असतो. तो कोणाच्या पेरणीस जाईल हे सांगावयास नको. मालकाची पेरणी उरकून आपल्या रानात येईपर्यंत ओल उडालेली असते. बाहेरून पाहणाऱ्यास वाटते की जमीन देऊनही हा मनुष्य ती पेरीत नाही.

ऊसतोड मजुरांचे गणित निराळे आहे, पण परिणाम तोच. मराठवाड्यातील, विशेषतः बीड जिल्ह्यातील, मजूर कुटुंबे मुकादमाकडून उचल घेतात आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. परत येतात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी. अशा कुटुंबास रब्बीचे पीक घेता येत नाही. तुरीचे पीक हलक्या जमिनीस योग्य म्हणून शिफारस केली जाते, पण तूर काढणीस येते मार्गशीर्ष-पौषात, जेव्हा घरी म्हातारी माणसे आणि लहान मुलेच उरलेली असतात. राखण करण्यास कोणी नसल्यामुळे शेंगा दुसरेच नेतात. म्हणून पहिल्या वर्षासाठी पीक निवडताना जमिनीच्या खोलीइतकाच विचार कुटुंबाच्या परतीच्या तारखेचा झाला पाहिजे. मूग साठ-सत्तर दिवसांत, उडीद त्याहून थोडा उशिरा आणि लवकर येणारी बाजरी तीन महिन्यांच्या आत निघते. ही पिके दसऱ्यापूर्वी घरात येतात. त्यांचे उत्पन्न मोठे नसते, पण निघते ते त्या कुटुंबाच्याच हाती लागते. बाजरीचे बियाणे हेक्टरी तीन ते चार किलो लागते. म्हणजे दोन एकरांच्या पेरणीस फार मोठे भांडवल नको. सोयाबीनच्या हेक्टरी पंचाहत्तर किलो बियाण्याशी तुलना केली म्हणजे हा फरक ध्यानात येईल. कृषी सहायकाने नव्या धारकापुढे पिकांची यादी ठेवताना नफ्याचा रकाना शेवटी आणि बियाण्याच्या खर्चाचा रकाना आधी ठेवावा.

औताचा प्रश्न गावाच्या जुन्या रीतींनी काही प्रमाणात सुटू शकतो. एक बैल असलेले दोघे मिळून सावड करतात, आणि दोघांची पेरणी एका जोडीवर होते. एखाद्याचे रान मागे पडले तर गावकरी आपापली औते घेऊन एका दिवसात ते उरकतात आणि त्याच्याकडे जेवतात, हीच इर्जिक. आता ट्रॅक्टरचे भाडे तासावर आकारले जाते व इर्जिकीचे नाव मुलांना समजावून सांगावे लागते. तरी ज्या गावांत एकाच गटात चार-पाच लाभधारकांचे तुकडे लागून आहेत, तेथे त्यांनी सावडीने काम केल्यास ट्रॅक्टरचे भाडेही विभागले जाते. चौघांची नांगरट एका फेरीत होते आणि राखणही पाळीने करता येते.

भांडवल आणि पत

शासनाकडून मिळालेल्या जमिनीचा धारक हा सर्वसाधारणपणे भोगवटादार वर्ग दोन असतो. सातबाऱ्यावर तसा शेरा असतो आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून ती जमीन विकता येत नाही. कमाल धारणा कायद्याखाली दिलेल्या जमिनीस कलम २९ ची अशीच बंधने आहेत. या शेऱ्याने एक गैरसमज खोलवर रुजवला आहे : ही जमीन तारण ठेवता येत नाही, सबब तीवर कर्ज मिळत नाही. सेवा सहकारी संस्थेचा सचिव असे सांगतो, बँकेचा अधिकारी त्याला दुजोरा देतो, आणि शेतकरी सावकाराकडे वळतो. वस्तुतः जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ च्या चौथ्या पोटकलमाने वर्ग दोनच्या भोगवटादारास शासनाच्या, सहकारी संस्थेच्या किंवा बँकेच्या कर्जासाठी आपली जमीन गहाण ठेवण्याची मुभा दिलेली आहे. बंधन आहे ते खाजगी हस्तांतरणावर. ज्या तालुक्यात तहसीलदाराने बँक अधिकाऱ्यांच्या बैठकीत हे पोटकलम वाचून दाखवले, तेथे ही अडचण एका दिवसात दूर होऊ शकते; नाही तर ती वीस वर्षेही टिकते.

जमिनीबरोबर भांडवल द्यावे लागते हे शासनाने फार पूर्वीच ओळखले होते. अतिरिक्त जमिनीच्या लाभधारकांना विकासासाठी अर्थसाहाय्य देणारी केंद्र पुरस्कृत योजना १९७५-७६ मध्येच सुरू झाली होती. पुढे २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतही अनुसूचित जाती-जमातींबरोबर जमीन सुधारणांच्या लाभधारकांचा स्पष्ट उल्लेख होता, आणि त्यांच्या स्वतःच्या शेतावर सिंचनाची व भूविकासाची कामे घेण्यास त्यात वाव ठेवला होता. आपल्याच शेतावर बांध घालावा आणि त्याची मजुरीही मिळावी, याहून सुयोग्य साहाय्य नव्या धारकास दुसरे कोणते असेल? पहिल्या दोन वर्षांतील उपासमारीचा काळ त्यामुळे ओलांडता येतो आणि उचल घेण्याची निकड कमी होते. अशी कामे निवडताना ग्रामसभेच्या यादीत या कुटुंबांचे नाव पहिल्या पानावर असावे. बहुधा ते शेवटच्या पानावर असते.

पाणी

राज्याच्या सुमारे चार पंचमांश भूभागाखाली काळा पाषाण आहे. विहिरीस पाणी लागणे हे मुरूम व मांजऱ्या खडकाच्या थरांवर अवलंबून असते, आणि माळाच्या माथ्यावर मिळालेल्या तुकड्यात ते लागण्याचा संभव कमी. अनुसूचित जाती व नवबौद्ध शेतकऱ्यांसाठी २०१७ मध्ये सुरू झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेत नवीन विहिरीस अनुदान आहे. त्यासाठी किमान ४० आर जमीन असावी लागते. विहिरीची जागा ठरवताना सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवाजवळ खोदाई नको हे प्रथम पाहावे. १९९३ च्या भूजल कायद्याने यासाठी ५०० मीटरचे अंतर घालून दिले होते. भूवैज्ञानिकाच्या पाहणीआधी खोदाई सुरू करण्याची घाई फार महागात पडते. कोरडी विहीर ही नव्या शेतकऱ्यास कोरड्या वर्षापेक्षाही अधिक खाली नेते, कारण वर्ष संपते आणि विहिरीचे कर्ज राहते.

विहिरीच्या आधी बांध हवा. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर जो प्रयोग केला तो येथे आठवावा. त्यांनी गावच्या देवस्थानाची सोळा हेक्टर ओसाड जमीन दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने घेतली. ती शासनदत्त नव्हती, पण होती अगदी तशीच : उताराची, उघडीबोडकी, कोणालाही नको असलेली. प्रथम माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती, मग पायथ्याशी पाझर तलाव, त्याच्या खाली विहीर, आणि शेवटी उपसा करून पाणी पुन्हा वर, असा तो क्रम होता. त्यातून पुढे पाणी पंचायत उभी राहिली. तिने पाण्याचा वाटा जमिनीच्या क्षेत्रावर न ठरवता माणशी अर्धा एकर या प्रमाणात ठरवला आणि भूमिहीनासही पाण्याचा हक्क मानला. शासकीय वाटपात आपण एकेका कुटुंबाला एकेक तुकडा देतो आणि प्रत्येकाने आपापला बांध घालावा अशी अपेक्षा करतो. उतारावरील पाणी मात्र पोटहिस्से ओळखत नाही. वरच्याने बांध घातला नाही तर खालच्याचा बांध पहिल्याच वळवात फुटतो. तेव्हा एका गटातील सर्व लाभधारकांच्या तुकड्यांचा आराखडा एकत्र होणे अगत्याचे आहे.

मातीची खोली वाढवण्याचा एक उपाय हाताशी असतो. तलावातील गाळ काढून शेतात पसरण्याची रीत जुनी आहे, आणि २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेने तिला शासकीय आधार मिळाला. अडचण वाहतुकीची. ज्याच्याकडे ट्रॅक्टर असतो त्याच्या शेतात गाळ जातो, आणि ज्याच्या जमिनीस त्याची खरी गरज आहे तो तलावाच्या काठावरून पाहत राहतो. येथे पुन्हा वाटेचा प्रश्न आडवा येतोच.

शर्तभंग

एवढ्या सर्व अडचणींतून जाताना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पुष्कळ धारक एक सोपा मार्ग पत्करतात. जमीन बटाईने, ठोक्याने किंवा मक्त्याने दुसऱ्याला देतात. घेणारा बहुधा तोच शेजारचा खातेदार असतो, कधी तर जमिनीचा मूळ मालकच. चार पैसे रोख हाती येतात, आणि धारक आपल्याच शेतात दुसऱ्याच्या रोजावर निंदणीस जातो. स्वतः कसण्याची अट अशा रीतीने मोडते. कोणी तक्रार केली म्हणजे शर्तभंगाची नोटीस निघते, आणि ज्याने जमीन बळकावली तो बाजूला राहून ज्याला ती मिळाली होती तोच चौकशीस उभा राहतो.

हस्तांतरणावरील बंधन हे दुर्बलाच्या संरक्षणासाठी आहे व ते राहिलेच पाहिजे. ते नसते तर वाटप झालेल्या जमिनींपैकी फार थोड्या आज मूळ धारकांच्या वारसांकडे दिसल्या असत्या. पण शर्तभंगाच्या चौकशीत अधिकाऱ्याने आधी हे तपासावे की ताबा देताना मोजणी झाली होती काय, शेतास वाट आहे काय, कर्जाचा अर्ज कोणत्या कारणाने परत गेला. पुष्कळ प्रकरणांत शर्त मोडण्याचे मूळ कार्यालयाच्याच एखाद्या अपुऱ्या राहिलेल्या कामात सापडेल. तसे आढळल्यास जमीन काढून घेण्यापेक्षा ते अपुरे काम पुरे करणे हे अधिक न्यायाचे होईल.

धारकाच्या बाजूनेही एक दक्षता आवश्यक आहे. दरवर्षीची पीक पाहणी स्वतःच्या नावाने नोंदली गेली पाहिजे. ऑगस्ट २०२१ पासून ही नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून करण्याची पद्धत राज्यभर सुरू झाली. ज्याच्याकडे तसा मोबाईल नाही, किंवा जो नोंदीच्या मुदतीत ऊसतोडीच्या तयारीत आहे, त्याची नोंद राहून जाते आणि शेत पडीक दिसते. शाळेतील आठवी-नववीच्या मुलाने वडिलांच्या शेताची ही नोंद कशी करावी, हे एखाद्या शिक्षकाने एका तासात शिकवण्याजोगे आहे. तीच गोष्ट वारसनोंदीची. पती वारल्यावर विधवेचे नाव सातबाऱ्यावर वेळेत लागले नाही, तर दीर आणि भाऊबंद यांच्या बोलण्यातून ती जमीन निसटते. वनहक्काच्या पट्ट्यावर पती-पत्नी दोघांचीही नावे लावण्याची तरतूद कायद्यातच आहे. इतर शासनदत्त जमिनींच्या बाबतीतही तसे झाल्यास वारसाचे निम्मे तंटे उद्भवणार नाहीत.

वाटपानंतरच्या तपासणीसाठी जे विवरणपत्र भरून घेतले जाते, त्यात क्षेत्र, पीक, सिंचनाचे साधन व कर्ज यांचे रकाने असतात. त्या भेटीत आणखी एक गोष्ट विचारावयास हरकत नाही. यंदा पाडव्याला त्या घरातील कर्त्या माणसाने साल धरले काय? मुकादमाची उचल घेतली काय? घेतली असल्यास मागील वर्षापेक्षा कमी की अधिक? याचे उत्तर तलाठ्याच्या एकाही नमुन्यात सापडणार नाही. ते त्या घराच्या ओट्यावर बसूनच मिळेल.